खोतनानांची यादी

"हा माणूस नाही," ऋत्विज म्हणाला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "काढून टाक."

स्क्रीनवर एकाच खात्याचे चार महिन्यांचे संदेश एकाखाली एक लागले होते. रोज पहाटे पाच चाळीसला 'रामराम मंडळी'. पाच एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. त्यानंतर दिवसभर जो कोणी नवा माणूस आमच्या सर्व्हरवर, म्हणजे गप्पांच्या ऑनलाइन खोलीत, येईल, त्याला तेच तीन शब्द: 'या. गाव कुठलं?' मोजणाऱ्या प्रोग्रॅमने आकडा काढला होता, साडेसात हजार वेळा.

"एकदाही भाव विचारलेला नाही," ऋत्विज म्हणाला. "एकाही मित्राला आणलेलं नाही. कुठल्या स्पर्धेत भाग नाही. खरी माणसं अशी वागतात का? खरी माणसं भाव विचारतात."

खात्याचं नाव होतं 'डी जी खोत १९५१'. मी त्यावर लाल खूण केली, मग का कोण जाणे, पुसली. "एकदा फोन करून बघते," मी म्हटलं. ऋत्विजने खांदे उडवले.

ही गोष्ट २०२१च्या डिसेंबरातली. कोल्हापूरला राजारामपुरीत एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन आम्ही 'आखाडा' चालवत होतो. आखाडा म्हणजे पैलवानांची चार हजार चारशे चव्वेचाळीस चित्रं. एका चित्रकाराने फेटे, मिशा, लंगोट वेगवेगळे काढून दिले होते आणि संगणकाने त्यांची अदलाबदल करून इतके पैलवान उभे केले होते. चित्र कोणीही फुकट पाहू शकत होतं. पण त्याच्या मालकीची डिजिटल नोंद, म्हणजे एनएफटी, ज्याच्या नावावर तो मालक. आज घ्यावी, उद्या चढ्या भावाने विकावी, या आशेवर त्या वर्षी अर्धं जग येडं झालं होतं. मी त्यातली शहाणी होते असं मुळीच नाही.

माझं काम माणसं जमवायचं आणि मग त्यांतून निवडायचं. त्याआधी मी लग्नसमारंभ आखून देणाऱ्या कंपनीत होते. लॉकडाउनमध्ये लग्नं बंद पडली, मग कंपनी बंद पडली आणि आठ महिने मी घरी बसून आईचं 'होईल काहीतरी' ऐकलं. ऋत्विज कारखानीस पुण्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने मला व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटांत निवडलं. "दीडशे अर्जांतून तू," तो म्हणाला. हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस गुळाच्या खड्यासारखं तोंडात घोळवत होते.

त्याचं एक तत्त्व होतं. दार अरुंद ठेवायचं, म्हणजे रांग लांब होते. आमची एक आगाऊ यादी होती, पंधराशे नावांची. यादीत नाव लागलं तर चित्र आधी आणि स्वस्तात मिळणार. विक्री झाली की सर्व्हरची खोली फक्त मालकांसाठी उघडी राहणार, बाकीच्यांनी घरी जायचं. मग यादीत शिरण्यासाठी काय काय करायचं? दहा मित्र आणायचे, इतर ठिकाणी आमची स्तुती करायची, स्वतः पैलवान काढून दाखवायचा, आणि बोलत राहायचं. प्रत्येक संदेशाला गुण मिळत, म्हणून लोक उचकी लागली तरी लिहून कळवत. मनिलाचा एक जण दिवसभर 'जय आखाडा' लिहायचा. ही भाषा कुठली, हे त्याला माहीतही नसावं.

एकतीस हजार जण जमले होते. त्यातले निम्मे ऋत्विजने विकत आणलेली यंत्रं होती, म्हणजे आपोआप लिहिणारी खोटी खाती. गर्दी दिसली की गर्दी येते, हे त्याचं दुसरं तत्त्व. आम्ही यंत्रं हुडकून काढायचो ती परक्यांची, घरची तशीच खेळत होती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायला वेळच नव्हता. जेवताना फोन, न्हाणीघरात फोन, रिक्षात फोन. पाच मिनिटं स्क्रीन पाहिली नाही तर तळपायांना मुंग्या यायच्या.

खोतांना मी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लावला. पडताळणीची तेव्हा एक ठरलेली रीत होती. समोरच्याने आजची तारीख कागदावर लिहून तोंडाजवळ धरायची आणि आपण सांगू तो हात वर करायचा.

आधी छताचे वासे दिसले. मग एक भला मोठा तळवा. मग चेपून बसलेले दोन कान आणि त्यांच्या मधोमध सत्तरीचा शांत चेहरा.

"रामराम. कोन बोलतंय?"

"मी मृदुला शिंत्रे, आखाड्यातून. तुम्ही खरे आहात का, ते बघायला फोन केलाय."

"खरा म्हंजे?"

"म्हणजे... माणूस आहात का."

ते जरा विचारात पडले. "हाय की," ते म्हणाले. "कुनाला शंका आली?"

"संगणकाला."

"बरं."

"आजची तारीख कागदावर लिहून दाखवता का?"

"कागुद कशाला?" ते उठले आणि भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यासकट उपटून घेऊन आले. "ही बगा. आज चंपाषष्ठी हाय. खंडोबाला जायचं ऱ्हायलंय माझं."

मी उजवा हात वर करायला सांगितलं. त्यांनी केला आणि तसाच धरून ठेवला. मी 'खाली घ्या' म्हणायला विसरले, त्यामुळे पुढची पाच मिनिटं ते एक हात वर करूनच बोलले.

दादू ज्ञानू खोत, मुक्काम करंजगाव, वारणेच्या काठी. गाव त्यांना खोतनाना म्हणतं. तरुणपणी कुस्त्या केल्या, मग चाळीस वर्षं जत्रेच्या मैदानात जोड्या लावल्या. मैदानात दोन-तीनशे पैलवान उघडे होऊन उभे राहतात. कोणाची कुस्ती कोणाशी, हे आधी ठरलेलं नसतं. पंच फिरतो, कोणाची मान चाचपतो, कोणाचा पाय बघतो आणि दोघांचे हात धरून त्यांना मातीत नेतो. त्याला म्हणायचं जोड लावणं.

"वजन करत न्हाईसा?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घरची व्हायला लागली होती.

"वजनानं काय कळतंय? डोळं बगायचं. भ्यालेला असला तर घरी लावून द्यायचा. लई माजलेला असला तरी बी."

कोरोनाने मैदानं बंद झाली आणि तालमीला कुलूप लागलं. नातीने फोनवर आमचा सर्व्हर काढून दिला, 'नाना, हितं समदं पैलवानच पैलवान हैत' म्हणून.

"पण रोज पाच चाळीसलाच रामराम का?"

"तवा तालीम उघडती."

"बंद आहे ना पण?"

"कुलूप दाराला हाय," नाना म्हणाले.

गाव का विचारता, असंही मी विचारलं. त्यावर त्यांनीच माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. गाव कळल्याशिवाय माणसाशी बोलायचं तरी काय? नातीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर त्यांनी हजार-बाराशे नावं लिहून ठेवली होती. तुर्कस्तानचा एक ट्रकवाला, बरेलीची एक नर्स, हैदराबादचा कंपाउंडर. फोन त्यांचं लिहिलेलं दुसऱ्या भाषेत करून द्यायचा आणि नाना त्या जगभरच्या लोकांना जोर-बैठका शिकवायचे. ऋत्विजच्या यंत्रांनाही त्यांनी हजारो वेळा गाव विचारलं होतं. उत्तर आलं नाही तर ते म्हणायचे, लाजत असंल बिचारा.

"ताई, एक इचारू?" फोन ठेवताना ते म्हणाले. "यादीत नाव न्हाई लागलं तर खोली बंद हुनार म्हंत्यात. मग ही पोरं मला कुठं गावायची?"

ऋत्विजला मी हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून उठलाच. खोलीत अनवाणी तीन फेऱ्या मारल्या. "सोनं आहे हे," तो म्हणाला. "लोकांना सगळं खोटं वाटतंय सध्या. आपल्याकडे एक अस्सल माणूस आहे आणि आपण त्याला हाकलत होतो."

दोन दिवसांत नानांचा फोटो आमच्या पानावर झळकला, चेपलेल्या कानांसकट. खाली लिहिलं होतं, 'वस्तादांची निवड'. पंधराशेपैकी तीनशे जागा स्वतः खोत वस्ताद बोलून, पारखून देणार. इतर कुठल्याही प्रोजेक्टमध्ये यंत्र निवडतं, इथे माणूस माणसाला निवडेल. आठवड्यात चार हजार नवे लोक आले आणि ते सगळे हाडामासाचे होते.

नानांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस वर्सांत माझ्या जोडीतला एक गडी जायबंदी झाला न्हाई. जमीन न्हाई मिळवली, पैसा न्हाई मिळवला, एवढंच मिळवलंय. त्याला बट्टा लागनार नसंल तर करतो. लागंल का?"

"नाही लागणार," मी म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

तीन आठवडे ते सकाळी नऊपासून पाचपर्यंत लोकांशी बोलत बसले. मी मध्येमध्ये कान द्यायचे. वय काय, काम काय, घरी कोण कोण, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: पडलास तर उचलाय कोन हाय? काही जण चिडायचे, काही रडायचे. जालंधरचा बलकार नावाचा एक जण होता, दूधसंघाचा टँकर चालवणारा. वसंतात बहिणीचं लग्न, त्यासाठी साठवलेलं इथे लावून दुप्पट करायचं त्याच्या मनात होतं. नानांनी त्याला स्पष्ट सांगितलं, "बेटा, तू भाईर बस. तुला पडायला जागा न्हाई." तो दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी पाच चाळीसला नानांना रामराम करायला हजर झाला.

याच दिवसांत ऋत्विजने मला यादीची अंतिम फाइल लावायला दिली. पंधराशेतल्या सहाशे जागा आधीच भरलेल्या होत्या. नावं नव्हती, नुसती लांबलचक आकडे-अक्षरांची खाती.

"ही कोणाची?"

"आपली," तो म्हणाला.

"सहाशे?"

"बाजार उभा करायला लागतो, मृदुला. पहिल्या तासात लोक तुटून पडतील, भाव चढेल, तेव्हा आपली सहाशे विकायला काढायची."

"आणि घेणार कोण?"

तो हसला. वाईट हसला असं म्हणवत नाही, त्याचं हसणं नेहमीसारखंच होतं. "अगं, एवढी माणसं कशाला जमवलीस तू?"

मी खाली जाऊन चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहिले. वर जाऊन राजीनामा द्यावा, असं मनात आलं आणि त्याच दमात आईचा चेहरा आला. तिने सगळ्या नातेवाइकांत 'आमच्या मृदुलाला कंपनीने निवडून घेतलं' असं सांगून ठेवलं होतं. मी चहा प्यायले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. "मानसं बगून झाली ताई. आता समोर कोन हाय ते सांगा."

"समोर म्हणजे?"

"म्हंजे जोड लावायची न्हवं? ह्यो तुर्कस्तानचा गडी हाय, चांगला हाय. पन कुनासंगं लावू? समोरचा ठाव असल्याबिगर नुसता एक गडी कसा निवडायचा?"

"नाना, यात समोर कोणी नसतं. सगळे एकाच बाजूचे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. माझ्यासमोर ती सहाशे खात्यांची फाइल उघडीच होती.

"समदं एका अंगाला आन समोर कुनी न्हाई," नाना सावकाश म्हणाले. "मग पडनार कोन?"

उत्तर ठाऊक होतं. 'आम्ही आहोत समोर' एवढे तीन शब्द होते. मी म्हटलं, "नाना, नेटवर्क जातंय," आणि फोन कापला.

संध्याकाळी त्यांची यादी आली. वहीच्या कागदाचा फोटो. वर 'श्री', खाली तारीख, त्याखाली एक आकडा आणि एकच नाव. दादू ज्ञानू खोत. सोबत त्यांचा आवाज होता: "ताई, परमुलखातला गडी आला आन त्याचा हात कुनाला म्हाईत नसला, तर गावची पोरं सोडत न्हाईत त्याच्यावर. वस्ताद सोता मातीत उतरतो, हात मिळवून बगतो. मग पोरांचं बगायचं. तवा आदी मी जातो. बाकीच्यास्नी सांगा, थांबा म्हनावं."

तो आवाज मी ऋत्विजला ऐकवला. खरं तर मला वाटलं होतं, तो ऐकेल आणि काहीतरी हलेल. तो म्हणाला, "गोड आहे म्हातारा. आता तू उरलेली दोनशे नव्व्याण्णव भर."

"ते नको म्हणाले आहेत."

"त्यांनी बोललेल्या लोकांची नोंद आहे ना तुझ्याकडे? त्यातलीच घे. यादी वस्तादांच्या नावाने लागणार, हे महिनाभर सांगतोय आपण. परवा विक्री आहे." मग त्याने विचारलं, "तू आहेस ना आमच्यात?"

मी भरली. आजही हे सांगताना मी कारणं शोधू लागते आणि मग थांबते. पगार होता, आई होती, सगळं होतं, पण खरी गोष्ट एवढीच की मला कोणीतरी निवडलं होतं आणि मला निवडलेलंच राहायचं होतं. चार तास लागले. ज्यांनी जास्त संदेश लिहिले होते त्यांची नावं मी वरून खाली उचलत गेले. बलकारचं नाव सत्तेचाळीसावं होतं. तिथे बोट अडलं. मग वाटलं, एकाला गाळून मी कुठली साध्वी होणार, आणि पुढे गेले.

यादी लागली तेव्हा खोली आनंदाने वेडी झाली. 'वस्तादांनी मला निवडलं', 'माझं नाव आहे'. बरेलीच्या नर्सने नानांना साष्टांग नमस्काराचं चित्र पाठवलं. नाना त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना यादी वाचता आली नसेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

विक्री दुपारी दोनला सुरू झाली. तीन वाजेपर्यंत सगळे पैलवान गेले आणि भाव तिप्पट झाला. सव्वातीनला ऋत्विजने सहाशे विकायला काढले. पाच वाजता त्या चित्रांना कोणी चहाच्या भावात विचारत नव्हतं. लोकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. मग शिव्या सुरू झाल्या, पंधरा-वीस भाषांतून. ऋत्विज सामान आवरत होता. "बाजार आहे, कोणी कोणाला जबरदस्ती केली नव्हती," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी काही विचारलं नसताना.

सहाच्या सुमारास बलकारचा संदेश आला. हिंदीत होता, शिवी नव्हती. त्याने लिहिलं होतं: वस्तादजी, तुम्ही तर मला बाहेर बसायला सांगितलं होतं. मग यादीत नाव का घातलं? तुम्हाला काही दिसलं असेल म्हणून मी उतरलो.

खोली अचानक थांबली. हजारो लोक उत्तराची वाट पाहत होते. मला माहीत होतं नाना काय लिहिणार. यादी माझी नाही, मी एकच नाव दिलं होतं. वहीचा कागदही त्यांच्याकडे होता. आणि ते लिहावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी सुटले असते.

नानांच्या नावापुढे लिहिण्याची खूण बराच वेळ हलत राहिली. मग उमटलं: 'यादी माझ्या नावाची हाय. जोड चुकली. माफी असावी.' त्याखाली ते एकेकाला वेगळं लिहायला लागले. तुर्कस्तानवाल्याला, नर्सला, कंपाउंडरला. दोनशे नव्व्याण्णव जणांना. काहींनी फार वाईट लिहिलं त्यांना. त्यांनी त्यांनाही लिहिलं.

मी फोन लावला. "नाना, असं का लिहिलंत? तुम्ही एकच नाव दिलं होतं. बाकीची मी भरली."

"ठाव हाय मला."

"मग माझं नाव सांगायचं."

"तुमचं नाव सांगून काय हुतंय? त्यो पोरगा म्हनला असता, कोन मृदुला?" त्यांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. ते जास्त वाईट होतं. "त्यो तुमच्यावर इसंबून उतरला न्हाई. ज्याच्यावर इसंबला त्यानंच जबाब द्यायचा. आता ठेवा फोन, लई मानसं ऱ्हायल्यात अजून."

तीन आठवड्यांनी सर्व्हर बंद झाला. ऋत्विज पुढच्या कामाला लागला. मी एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर नोकरी धरली. माणसं येतात, मी त्यांना कुठे जायचं ते सांगते. बलकारला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

करंजगावला जायला मला दोन वर्षं लागली. चैत्रात जत्रा असते आणि जत्रेत मैदान, एवढं माहीत होतं. नानांचे पाय धरायचे, जे काय ते एकदा समोरासमोर बोलायचं आणि परत यायचं, असं ठरवून गेले. मैदान भरलं होतं, हलगी कडाडत होती, मातीत पैलवान उघडे होऊन उभे होते. पंचांच्या टेबलापाशी मी नानांना शोधलं. ते तिथे नव्हते. बघ्यांत तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसले होते.

मला त्यांनी लगेच ओळखलं आणि शेजारच्या माणसाला सरकायला लावून जागा केली.

"तुम्ही टेबलापाशी नाही, नाना?"

"न्हाई. जोड चुकली की पंचानं माती सोडायची. आमच्यात नेम हाय तसा."

"पण इथे कुठे चुकली? गावाला काय माहीत त्याचं?"

"गावाला डोळ्यानं कमी दिसतंय म्हनून सांगितलंय."

"आणि खरंच कमी दिसतं?"

त्यांनी हनुवटीनेच दाखवलं. शंभर हात लांब पिवळ्या लंगोटाचा एक विशीतला पैलवान उभा होता. "त्यो डाव्या गुडघ्यावर भार टाकंना झालाय. दुखावलाय कुठंतरी, सांगंना."

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. चाळीस वर्षांत मिळवलेली त्यांची एकच गोष्ट मी घालवली, एवढंच माहीत होतं. पण ती घालवली म्हणजे रोज, प्रत्येक मैदानात त्यांना काय सोसायला लावलं, हे तोवर कळलं नव्हतं.

नवे पंच रंगराव मातीत फिरत होते. त्यांनी पिवळ्या लंगोटाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने बाहेरगावचा एक दांडगा पैलवान ओढला. दोघांना घेऊन ते रिंगणभर फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ही जोड न्हवं," नाना पुटपुटले. त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत खाली आला.

"सांगा ना त्यांना."

"मी कोन सांगनार?"

दोघे सलामीला वाकले. मी उठले. बाया मैदानाच्या कडेपर्यंत जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी लोकांच्या खांद्यांना धक्के देत टेबलापाशी पोचले आणि तिथल्या माणसाला म्हटलं, "खोतनाना म्हणतात, ही जोड नाही." त्याच्या हातातला माईक चालू होता. माझा आवाज सगळ्या मैदानावर गेला.

हलगी थांबली. रंगरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे. "नाना," त्यांनी विचारलं, "तुमी म्हनलायसा तसं?"

सगळं मैदान वळून नानांकडे बघत होतं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना न विचारता मी त्यांचं नाव दुसऱ्यांदा वापरलं होतं आणि ते नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते, मला माहीत नाही.

"व्हय," नाना म्हणाले. "म्हनलोय."

"मग हितं येऊन दाखवा की. तितनं कशाला?"

ते उठले. उठताना गुडघ्यांवर हात टेकले. कडेला चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि आत गेले. पिवळ्या लंगोटाचा गुडघा त्यांनी अंगठ्याने एकाच जागी दाबला, तसा तो कळवळून खाली बसला. नानांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं, पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलले, आणि मग उभ्या असलेल्या पैलवानांत शिरले. हलगी पुन्हा सुरू झाली. रंगराव बाजूला होऊन त्यांच्या मागून चालायला लागले.

मी त्यांची जागा राखत बसले. दीड तास ते आत होते. दिवस कलला तेव्हा परत आले, हात कोपरापर्यंत मातीने लाल झालेले, आणि माझ्या शेजारी टेकले. मी माफीचं पहिलं वाक्य जुळवत होते.

"ताई," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "माझं नाव घ्यायच्या आदी मला इचारत जावा."

"हो," मी म्हटलं.